अनुत्तरित रती आणि मेंढपाळाचे गाणे

पाश्चात्त्य साहित्यविचारातील ‘पॅस्टोरल’ या संज्ञेसाठी मराठीत ‘गोपगीत’ आणि ‘जानपदगीत’ हे दोन प्रतिशब्द रूढ झाले. प्रतिशब्द मिळाला की संकल्पना हाती आली, असे मानण्याची आपल्या समीक्षेची सवय जुनी आहे. आणि या सवयीचे मोल बहुधा संकल्पनेला द्यावे लागते. ‘गोप’ म्हटले की गोकुळ येते, गायी येतात, मुरली येते आणि मुख्य म्हणजे साद घातल्याबरोबर धावत येणाऱ्या गोपी येतात. ‘जानपद’ म्हटले की खेडे येते, मोट येते, सुगी येते. या दोन्ही शब्दांत मेंढपाळ कोठेच नाही. आणि ज्या प्रेमाला उत्तर मिळत नाही असे प्रेमही या दोन्ही शब्दांत सहजी मावत नाही. थिऑक्रिटसच्या आयडिलांत मात्र या दोन गोष्टी, म्हणजे मेंढपाळ आणि अनुत्तरित रती, परस्परांना इतक्या चिकटून आहेत की त्या वेगळ्या काढल्यास काव्यप्रकाराचा कणाच निखळावा.

थिऑक्रिटस हा इ. स. पूर्व तिसऱ्या शतकातील कवी. सिराक्यूजमध्ये जन्मलेल्या या कवीने अलेक्झांड्रियात टॉलेमी दुसरा याची स्तुतिकाव्येही रचली. तो स्वतः मेंढपाळ नव्हता, हे वेगळे सांगावयास नको. त्याचे श्रोतेही नव्हते. तथापि त्याच्या रानात एक बारीक उतरंड आहे आणि तिच्याकडे मराठी वाचकाचे लक्ष सहसा जात नाही. गुराखी वरचा, मेंढक्या त्याच्या खाली, शेळ्या राखणारा सर्वांत खाली. पहिल्या आयडिलात मरणारा डॅफ्निस हा गुराखी आहे. तो प्रेमभंगाने झुरून मेला अशी एक सर्वसाधारण समजूत आढळते. संहिता तसे सांगत नाही. त्याला भेटायला आलेला प्रायापस म्हणतो, की ती मुलगी तर तुलाच शोधत झऱ्याझऱ्यावर हिंडते आहे. आणि वर टोमणा मारतो, की तुला लोक गुराखी म्हणत, आता तू शेळ्या राखणाऱ्यासारखा दिसतोस. म्हणजे झुरणे ही शेळ्या राखणाऱ्याची अवस्था आहे, गुराख्याला ती शोभत नाही. खरोखर अव्हेरले गेलेले प्रेमिक तिसऱ्या आणि अकराव्या आयडिलात आहेत. त्यांतला एक शेळ्या राखतो, दुसरा मेंढ्या. नकार हा येथे केवळ हृदयाचा विषय राहत नाही, तो पायरीचाही होतो.

तिसऱ्या आयडिलातील शेळ्या राखणारा आपला कळप सोबत्यावर सोपवून अमरिलिसच्या गुहेसमोर उभा राहतो. शहरातील प्रेमिकाने रात्री बंद दारासमोर गावयाचे गाणे तो गुहेसमोर गातो, आणि विनोदाचे मूळ या स्थलांतरातच आहे, कारण गुहेला दारच नाही. त्याने दहा सफरचंदे आणली आहेत. चाळणीवरून भविष्य सांगणाऱ्या बाईला त्याने कौल विचारला आहे. आतून शब्द येत नाही. आत कोणी आहे की नाही, हेही कवी सांगत नाही. मग तो पुराणांतले दाखले काढतो: हिप्पोमिनीसला अटलांटा मिळाली, अडोनिस मेंढ्या राखीत होता तरी त्याच्यावर अफ्रोडायटी भाळली. पूर्वी ज्यांना मिळाले त्यांच्या नावांची यादी हे याचकाचे शेवटचे साधन. यादी संपते, डोके दुखू लागते, तो तेथेच आडवा होतो आणि लांडग्यांनी खावे म्हणतो.

अकराव्या आयडिलाची बाब अधिक गुंतागुंतीची आहे. ही कविता निकिअस नावाच्या वैद्यमित्राला उद्देशून आहे. प्रेमावर लेप नाही, भुकटी नाही, एकच औषध आहे ते म्हणजे गाणे, असा तिचा प्रस्ताव. आणि त्याचा पुरावा म्हणून जो रुग्ण पुढे केला आहे तो पॉलिफिमस. होमरच्या महाकाव्यात माणसे खाणारा एकडोळ्या राक्षस येथे नुकती दाढी फुटू लागलेला तरुण आहे. समुद्रात राहणाऱ्या गॅलटियासाठी तो खडकावर बसून गातो आणि मेंढ्या आपल्याआपणच घरी परततात. त्याचे आर्जव म्हणजे दौलतीचा हिशेब आहे. हजार जनावरे, बारमाही दूध आणि चीज, तिच्यासाठी पाळलेली अकरा पाडसे, अस्वलाची चार पिल्ले. आपण कुरूप आहोत हे त्याला ठाऊक आहे. एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत गेलेल्या एकाच भुवईचा उल्लेख तो स्वतःच करतो. मासा होऊन जन्मलो असतो तर कल्ले असते, म्हणतो. आपला जीव आणि तो एकमेव डोळासुद्धा तिच्या हातून जळाला तरी चालेल, म्हणतो. पुढे तो डोळा कोण जाळणार आहे हे वाचकाला माहीत असते, त्याला नसते. शेवटी तो स्वतःलाच बजावतो, की टोपल्या विणाव्या, कोकरांसाठी पाला आणावा, जवळ असलेलीचे दूध काढावे, पळणारीच्या मागे कशाला लागावे.

या कवितेचा समारोप एका क्रियापदावर उभा आहे. पॉलिफिमसने गाण्याने आपले प्रेम जे केले त्यासाठी कवीने मेंढ्या चारण्या-राखण्याचेच क्रियापद योजले आहे. इंग्रजी भाषांतरकार येथे अडखळतात. मराठीला ही अडचण नाही. ‘मेंढरे राखणे’ आणि ‘गुरे वळणे’ ही आपली रोजची क्रियापदे आहेत. राखणे म्हणजे सांभाळणे, जपणे आणि भटकू न देणे. वळणे म्हणजे हाकणे आणि मागे फिरवणे. त्याने प्रेम राखले, असे म्हटले की ते जिवंत राहिले हा अर्थ येतो. त्याने प्रेम वळले, असे म्हटले की ते घरी आणले हा अर्थ येतो. गाणे हे औषध आहे की रोगाचेच लक्षण, हा अभ्यासकांचा जुना वाद या दोन मराठी क्रियापदांच्या मधोमध बसतो. तो सुटत नाही. पण तो कशाबद्दल आहे हे मात्र स्पष्ट दिसू लागते.

आता प्रश्न असा, की या पॉलिफिमसचे संस्कृत काव्यशास्त्राने काय केले असते? उत्तर तयार आहे. विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त रसाभासाची जी स्थळे सांगितली आहेत, त्यांत अनुभयनिष्ठ रती, म्हणजे दोघांपैकी एकाच्याच ठिकाणी असलेली रती, स्पष्टपणे येते. अभिनवगुप्ताच्या विवेचनात सीतेविषयी रावणाला वाटणारी रती हे शृंगाराभासाचे ठळक उदाहरण आहे, आणि अशा आभासातून हास्य निष्पन्न होते, असे त्याचे प्रतिपादन आहे. थिऑक्रिटसच्या राक्षसाचे याहून नेमके वर्णन कोणा ग्रीक टीकाकाराने केले असेल असे वाटत नाही. पॉलिफिमस हास्यास्पद का होतो, आणि हसता हसता वाचक मध्येच का थबकतो, हे ‘आभास’ या संज्ञेने जितके उलगडते तितके ‘विडंबन’ या संज्ञेने उलगडत नाही. आभास हा रसाचा अभाव नव्हे. अधिष्ठान चुकलेला रसच तो.

परंतु त्याच स्थळी विश्वनाथाची यादी पुढे जाते आणि तिच्यात अधम पात्रांची व पशुपक्ष्यांची रतीही समाविष्ट होते. म्हणजे मेंढपाळाचे एकतर्फी प्रेम दोनदा बाद होते. एकदा ते एकतर्फी म्हणून आणि एकदा ते मेंढपाळाचे म्हणून. पायरीचा जो भेद थिऑक्रिटसच्या रानात पात्रापात्रांमधील टोमण्यांतून व्यक्त होतो, तो येथे शास्त्राच्या व्याख्येतच वसलेला आहे. थिऑक्रिटसला आपल्या शेळ्या राखणाऱ्यावर हसता येते, कारण त्याने त्याला कवितेत घेतलेले असते. शास्त्राच्या उंबरठ्यावर मात्र त्याला अडवलेच जाते. प्राकृत परंपरा अधिक उदार होती, हे मान्य केले पाहिजे. हालाच्या गाथांत नांगरे आहेत, गुराखी आहेत, डोळ्यांनी विचारलेले आणि डोळ्यांनीच नाकारलेले पुष्कळ काही आहे. स. आ. जोगळेकरांनी १९५६ मध्ये ती गाथासप्तशती मराठीत सटीक आणली, तरी जानपदगीताची परंपरा सांगताना आपण हालापेक्षा इंग्रजी कवितेकडेच अधिक पाहत राहिलो. रविकिरण मंडळाच्या काळातील व त्यानंतरच्या जानपदगीतांनी व्हर्जिलची गोडी इंग्रजीच्या वाटेने घेतली. थिऑक्रिटसची भूक आणि त्याची थट्टा वाटेतच गळाली.

या सर्व चर्चेला एक प्रत्यक्ष भूगोल आहे. पुणे जिल्ह्याच्या पूर्वेस बारामती आणि इंदापूर हे दोन तालुके लागून आहेत. कऱ्हा नदी जेजुरी, मोरगाव, बारामती असा प्रवास करून नीरेला मिळते. नीरा पुढे नीरा-नरसिंहपूर येथे भीमेला मिळते. हा पर्जन्यछायेचा माळ. येथील धनगरांचे अनेक वाडे पावसाळा या माळावर काढून दिवाळीनंतर घाट उतरत, कोकणातल्या मोकळ्या झालेल्या भातखाचरांत मेंढरे बसवीत आणि खताच्या मोबदल्यात धान्य घेत. १८३५ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी मुंबई इलाख्याच्या ज्या जमीनमोजणीस प्रारंभ केला, तिचे पहिले क्षेत्र इंदापूर तालुका हे होते. पुढे नीरेचा डावा कालवा आला, ऊस आला, साखर कारखाने आले, १९८० मध्ये उजनीचे धरण पुरे झाले. मोजलेल्या आणि भिजवलेल्या जमिनीत मेंढराला वाट राहिली ती बांधांच्या आणि रस्त्यांच्या कडेने. रेमंड विल्यम्सने १९७३ मधील आपल्या ग्रंथात इंग्रजी ग्रामकाव्याला जो प्रश्न विचारला होता, की या हिरव्या चित्रातून कोणाचे श्रम पुसले गेले, तो येथेही विचारावा लागतो. फक्त येथे जे पुसले गेले ते हिरवे नव्हते.

याच बारामतीत मोरोपंत राहिले. १७२९ मध्ये पन्हाळ्यास जन्मलेला हा कवी बाबूजी नाईकांच्या आश्रयाने बारामतीस स्थिरावला आणि १७९४ मध्ये तेथेच निवर्तला. अलेक्झांड्रियातील आणि बारामतीतील परिस्थितीत वरकरणी विलक्षण साम्य आहे: दोन्हीकडे विद्वान कवी, आश्रयदाता, व्याकरण-छंदांवर असामान्य हुकमत, शब्दक्रीडेची आवड. फरक एवढाच, की अलेक्झांड्रियाच्या कवीने सिसिलीचे मेंढपाळ ग्रंथालयात आणले. बारामतीच्या कवीच्या दारावरून मेंढरे जात असताना त्याच्या काव्यात आले ते ‘कृष्णविजया’तले आणि ‘हरिवंशा’तले गोप. मोरोपंतांना याबद्दल दोष देणे अनैतिहासिक ठरेल. ज्या शास्त्रात ते वाढले होते त्या शास्त्रात कऱ्हाकाठच्या मेंढक्याची रती आभासाच्या कप्प्यात होती, आणि आभासावर आर्या रचण्यास त्यांना सवड नव्हती.

मात्र अनुत्तरित आर्जव मोरोपंतांकडे नाही, असे नव्हे. ते ‘केकावली’त आहे. मयूर मेघाला हाका मारतो या कल्पनेवर उभारलेली ही दीर्घ विनवणी पृथ्वी वृत्तात आहे. तिची आलंकारिक स्थिती क्षणभर भक्तिभाव बाजूला ठेवून पाहावी: एक बोलणारा आहे, समोरचा निरुत्तर आहे, बोलणारा स्वतःचे दोष स्वतःच सांगतो, आधी उद्धरलेल्यांचे दाखले देतो, लाडीगोडी करतो, रुसतो, युक्तिवाद करतो. अमरिलिसच्या गुहेसमोरचा शेळ्या राखणारा याहून वेगळे काय करतो? ही तुलना मोरोपंतांच्या चाहत्यांना अनुदार वाटेल. तिच्यामागचा शास्त्रीय आधार मात्र पक्का आहे. मम्मटाच्या मते देवादिविषयक रती हा रस नव्हे, ‘भाव’ होय. भावाला उभयनिष्ठतेची अट नाही. माणसाने माणसावर एकतर्फी प्रेम केले तर तो आभास. देवावर केले तर तो भाव, आणि त्याचे काव्य निःसंकोच करता येते. मराठी कवितेत अनुत्तरित प्रेमाची प्रतिष्ठित जागा शतकानुशतके देवापुढेच का राहिली, याचे एक कारण या कप्पेबंदीत शोधता येईल.

धनगरांच्या ओव्यांनी हे शास्त्र वाचलेले नव्हते, आणि तरीही त्यांच्याकडे पॉलिफिमस नाही. ग्युंटर सोन्थायमर यांनी बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा या दैवतांवरील आपल्या जर्मन ग्रंथात (१९७६, इंग्रजी रूप १९८९) या मौखिक परंपरेचा जो धांडोळा घेतला, आणि ॲन फेल्डहाउस यांनी रामदास आटकर व राजाराम झगडे यांच्या साह्याने २०१४ मध्ये बिरोबा-धुळोबांच्या ज्या दोन ओव्या इंग्रजीत आणल्या, त्यांतून या रचनेचे शिल्प स्पष्ट होते. गायलेला भाग आणि सांगितलेला भाग आळीपाळीने येतात. पुढचा गाणारा ओळ टाकतो, मागचे ती उचलतात. या आकृतिबंधात एकट्याचे गाणे अशक्य आहे. कोणतीही हाक निदान मागच्यांकडून तरी परत येतेच. थिऑक्रिटसची एकोक्ती ही मात्र निःशब्दतेवर उभी असते. गुहेतून आवाज आला तर कविता संपेल.

तरी हा विरोध फार ताणू नये. सहाव्या आयडिलात दोन तरुण गुराखी त्याच पॉलिफिमसचे प्रकरण गातात. एक गातो, की गॅलटियाच आता त्याच्या मेंढ्यांवर सफरचंदे फेकते आहे. दुसरा पॉलिफिमस होऊन उत्तर देतो, की मी मुद्दामच तिकडे पाहत नाही. शेवटी कोणी जिंकत नाही. ते वाद्यांची अदलाबदल करतात, एक दुसऱ्याचे चुंबन घेतो आणि वासरे नाचू लागतात. म्हणजे ग्रीक कवितेतही अव्हेरलेल्या हाकेला जाब मिळतो. फक्त तो प्रेयसीकडून मिळत नाही, सोबतच्या गाणाऱ्याकडून मिळतो. मेंढपाळी कवितेचे मर्म विरहात नसून या बदली उत्तरात आहे, असे म्हटले तर ओवी आणि आयडिल यांच्यातील अंतर पुष्कळ कमी होते.

अंतर उरते ते कथानकात, आणि तेथे ते मोठे आहे. खंडोबा आणि बाणाई यांची कथा या मुलखात कोणास सांगावी लागत नाही. प्रचलित रूपांत खंडोबा म्हाळसेशी सारीपाट हरतो, बारा वर्षांचा वनवास पत्करून चंदनपुरीस जातो, ओंगळ वेष घेऊन बाणाईच्या घरी मेंढरे राखायला राहतो. पॉलिफिमस दौलत मोजून दाखवतो. खंडोबा चाकरी करतो. एकाचे आर्जव शब्दांचे, दुसऱ्याचे श्रमाचे. मग तो नदीवर मेंढरे धुवायला नेतो, ती आपटून मारतो, आणि बाणाईने लग्नाला होकार दिला तर भंडाऱ्याने उठवीन म्हणतो. मेंढरे उठतात, लग्न होते. काव्यशास्त्राच्या भाषेत जे आभास म्हणून सुरू झाले ते पूर्वराग ठरले; काही रूपांत तर पूर्वजन्मीच्या वचनाचा दाखला देऊन ती रती आरंभापासूनच उभयनिष्ठ होती असे ठरविले जाते.

येथे समीक्षेने थांबून पाहिले पाहिजे. ओवीतील प्रेम सफल होते, म्हणून आपली परंपरा अधिक निरोगी आणि ग्रीकांची अधिक रुग्ण, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. आणि देशीवादाच्या उत्साहात तो काढलाही जाईल. पण गॅलटियाला समुद्र होता. ती पाण्यात राहिली, तिने उत्तर दिले नाही, आणि राक्षसाला टोपल्या विणाव्या लागल्या. बाणाईसमोर मेलेला कळप होता. धनगराच्या घरात कळप मरणे म्हणजे काय, हे वेगळे सांगावे लागत नाही. तिच्या होकाराला ओवी प्रेम म्हणते. संहिता तिला नकाराची जागाच ठेवत नाही. अनुत्तरित प्रेमाची कविता ज्या एका गोष्टीवर उभी असते, म्हणजे दुसऱ्याने नाही म्हणण्याच्या शक्यतेवर, ती गोष्ट येथे कथानकानेच काढून घेतली आहे. थिऑक्रिटसच्या थट्टेत गॅलटियाच्या मौनाचा एक मान होता, हे या कथेच्या शेजारी ठेवल्याशिवाय लक्षात येत नाही.

न जुळलेल्या प्रेमाचा सल या परंपरेतून नाहीसा मात्र होत नाही, तो सरकतो. तो म्हाळसेकडे जातो. खंडोबा बाणाईला घेऊन जेजुरीस येतो आणि म्हाळसा तिला गडावर घेत नाही. बाणाईचे देऊळ आजही जेजुरीच्या चढावर अर्ध्या वाटेत आहे. पंढरपुरात रुक्मिणीचे देऊळ विठ्ठलाच्या गाभाऱ्यापासून वेगळे आहे, आणि रुसून दिंडीरवनात गेलेल्या रुक्मिणीची कथा त्यामागे सांगितली जाते. रा. चिं. ढेरे यांनी १९८४ मधील ‘श्री विठ्ठल : एक महासमन्वय’ या ग्रंथात विठ्ठलाचे मूळ गवळी-धनगरांच्या दैवतात शोधले, ते स्वीकारल्यास हे दोन दुरावे एकाच कुळातले ठरतात. तुकोबांची पालखी बारामती तालुक्यातील काटेवाडीस येते तेव्हा मेंढरे तिच्याभोवती रिंगण धरतात, आणि देव कोणाचा होता हे ती जनावरे न सांगता सांगून जातात. ग्रीकांनी जो सल कवितेत ठेवला तो येथे देवळांच्या मांडणीत गेला आहे: अर्धी वाट, वेगळा गाभारा.

आणि तो आणखी एका ठिकाणी गेला आहे. खंडोबाच्या जागरणात म्हाळसा-बाणाईचे भांडण वाघ्या-मुरळी गातात. मुरळी म्हणजे लहानपणीच देवाला लावून दिलेली मुलगी. मुली अशा रीतीने देवाला सोडण्यावर कायद्याने बंदी आली ती बऱ्याच उशिरा. देवविषयक रतीला उभयनिष्ठतेची अट नाही, हे मम्मटाचे सूत्र तिच्या बाबतीत अलंकारशास्त्रात राहिले नाही, तिच्या कुंकवात आले. जागरणात ती घोळ वाजवते, म्हाळसेचा राग गाते, बाणाईचे प्रत्युत्तरही गाते, दोन्ही सवती तीच होते. मागचे तिची ओळ उचलतात, वाघ्या दिमडीवर ठेका धरतो. ज्याच्याशी तिचे लग्न लागले आहे त्याचा आवाज तेवढा या गाण्यात येत नाही.